डाव्या खांद्यावरचा टाळ

लॅपटॉप पापडाइतके पातळ झाले आणि त्यांना जेमतेम दोन पोर्ट उरले, त्याला आता बरीच वर्षं झाली. वडिलांच्या काळात आमच्या दुकानात जी जाडजूड यंत्रं दुरुस्तीला यायची, त्यांना दोन्ही अंगांना मिळून सात-आठ पोर्ट असत. आता सगळं हवेतून जोडलं जातं, तार कुणाला लागते, असं कंपन्या म्हणाल्या आणि लोकांनाही ते पटलं. पोर्ट वाढवणारा हब मागायला वर्षाकाठी चार-दोन माणसं आली तर आली. त्यामुळे माघातल्या एका सकाळी हेमाताई बेडकिहाळ सांगलीतल्या माझ्या दुकानाच्या काउंटरपाशी उभ्या राहून म्हणाल्या, "अजित, मला पाच दारं करून दे," तेव्हा मला वाटलं, ताई सुताराकडे जायच्या त्या चुकून इकडे आल्या.

हेमाताई कीर्तनकार. सहा वर्षांचा असल्यापासून मी आईच्या मांडीवर बसून त्यांचं कीर्तन ऐकलंय. पूर्वरंगातलं निरूपण तेव्हा कळायचं नाही. मी खुशाल झोपायचो, आणि उत्तररंगातलं आख्यान सुरू झालं की आई बरोबर हलवून उठवायची. पुढे निरूपणही कळायला लागलं आणि झोप उडाली. आज चाळिशी उलटली, हातात सोल्डरची बंदूक घेऊन पोट भरतो, पण देव म्हटलं की मला अजून मूर्ती दिसत नाही. ताईंच्या चिपळ्या ऐकू येतात.

त्याच ताईंचे कान तीन वर्षांपूर्वी एका तापात गेले. कानात बसवायचं यंत्र असतं, पण बिघाड कानात नव्हताच. कानाकडून मेंदूकडे जाणारी नस मेली होती, त्यामुळे तोही मार्ग बंद. ताईंनी चिपळ्या देव्हाऱ्यात नेऊन ठेवल्या. विद्याधरकाका, म्हणजे त्यांचे यजमान, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले गृहस्थ. पस्तीस वर्षं ताईंच्या मागे डाव्या अंगाला उभं राहून टाळ वाजवायचे आणि ध्रुपद उचलून धरायचे. त्यांनी आपले टाळ चिपळ्यांच्या शेजारी ठेवले. 

मग मिरजेच्या डॉक्टरांनी ताईंना बंडी दिली.

बंडीचं शास्त्र अवघड नाही. माणसाच्या कातडीला कंप कळतो. मात्र सूर फार वर गेला की ती त्याचा पाठलाग करू शकत नाही. म्हणून बंडीला जोडलेल्या लॅपटॉपमधला प्रोग्राम सुराचं रूपांतर जागेत करतो. खर्जातला सूर कमरेपाशी, तारसप्तकातला खांद्यापाशी. पाठभर चौसष्ट बारीक चकत्या शिवलेल्या असतात, त्या आपापल्या जागी थरथरतात. सुरुवातीला नुसत्या गुदगुल्या होतात. चार-सहा महिने रोज सराव केला की मेंदू एक दिवस गुदगुल्या म्हणायचं थांबवतो आणि सा म्हणतो. ताईंच्या मेंदूनं ते दोन महिन्यांत म्हटलं.

"घरात एकटी गायला बसले तर झकास कळतं," ताई म्हणाल्या. "देवळात साथीची माणसं बसली की पाठीवर नुसती खिचडी. तबला कुठला, पेटी कुठली, काही उलगडा होत नाही. माइक एकच, मग तो बिचारा तरी काय करणार? प्रत्येकाला पाठीवर वेगळी जागा हवी. पाठ माझी भरपूर आहे रे, या तुमच्या लॅपटॉपला दारंच नाहीत."

"हवेतून जोडता येईल की, ताई," मी म्हणालो. बोललेलं त्यांच्या मनगटावरच्या पट्टीवर अक्षरांत उमटायचं.

त्यांनी पट्टी वाचली आणि मान हलवली. "करून बघितलं. आवाज माझ्या मागनं, उशिरा येतो. आणि देवळात पाचशे लोक, पाचशे फोन. मधेच शंकरचा तबला गायबच होतो."

"गायब झाला तरी कीर्तन थांबत नाही, असा शंकरचा तबला आहे," मागे उभे असलेले काका म्हणाले. ताईंनी तेही वाचलं आणि हसल्या.

काका इतकंच बोलले आणि खुर्चीवर जाऊन बसले. दोन्ही हात त्यांनी मांडीखाली घेतले होते. गार असेल, असं मला वाटलं.

मी हब करायला घेतला.

हब म्हणजे दारातला माणूस. आत जायला वाट एकच, बाहेर पाचजण ताटकळत उभे. हा त्यांना पाळीपाळीनं आत सोडतो, आणि इतक्या चटकन, की प्रत्येकाला वाटतं दार आपल्याचसाठी उघडं आहे. साध्या कामाला हे चालतं. छापायचं पान सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यानं उशिरा निघालं तर कुणाचं काय जातं? पण तबल्याची सम आणि पेटीचा सूर एकमेकांपासून सरकले, तर सरावलेल्या पाठीला ते खुपतं. म्हणून मी नव्या जातीची चिप वापरली. ती प्रत्येक आवाजावर तो आला त्या क्षणाचा शिक्का मारते आणि एका क्षणाचे सगळे आवाज एकदमच पुढे सोडते. थोडा उशीर होतो, पण सगळ्यांना सारखा, आणि पापणी लवते त्याच्या तिसाव्या हिश्श्याएवढा.

लॅपटॉपच्या एका पोर्टात बंडी, दुसऱ्यात हब. हबला तबला, पेटी, टाळ, ताईंचा स्वतःचा गळा आणि श्रोते असे पाच माइक. ताईंनी पाच दारं मागितली होती, मी सहा केली. एखादं जास्तीचं असावं.

पहिली तालीम त्यांच्याच घरी झाली. तबल्यावर शंकर गुरव, पेटीवर शाळेतून निवृत्त झालेल्या सुतारबाई. कुणाला पाठीवर कुठं बसवायचं ते ताईंनीच ठरवलं. तबला कमरेला, पेटी उजव्या कुशीला, स्वतःचा गळा कण्याच्या रेषेत, श्रोते दोन्ही बगलांना. आणि टाळ डाव्या खांद्यावर.

"तिथं का?" मी विचारलं.

"हे तिथंच उभे असतात ना."

शंकरनं ठेका धरला, बाईंनी सूर दिला, काकांनी टाळ वाजवला. ताईंनी डोळे मिटले. बराच वेळ त्या गायल्याच नाहीत. एकेकाच्या पाठोपाठ त्यांची मान किंचित वळत होती, घरी आलेल्या माणसांना एकेक करून या म्हणावं तशी. मग त्या म्हणाल्या, "सुतारबाई, तुमच्या पेटीची एक पट्टी चिकटतेय."

"बघा. कान होते तेव्हा कधी बोलल्या नाहीत," सुतारबाई म्हणाल्या.

"तेव्हा तबल्याखाली दडत होती. आता तुम्हाला स्वतंत्र खोली मिळालीय."

रामनवमीचं कीर्तन ताईंचं, हे त्याच संध्याकाळी ठरलं. गावभागातल्या रामाच्या देवळात पूर्वी वीस वर्षं ते त्यांनीच केलं होतं. हे कीर्तन इतरांसारखं नसतं. दुपारी बाराच्या ठोक्याला जन्म व्हावा लागतो, पाळण्याची दोरी ओढावी लागते. कथा दोन मिनिटं आधी संपून चालत नाही की नंतर.

मला मात्र त्या तालमीतली एक गोष्ट छळत होती.

पाचही माइकच्या रेघा माझ्या पडद्यावर उमटायच्या. टाळाचा ठोका म्हणजे उंच टोक, आणि दोन ठोक्यांच्या मधे सपाट जमीन. पण काकांच्या रेघेत मधल्या जमिनीवर गवत होतं. बारीक, एकसारखं. मी तार बदलली, गवत तसंच. माइक बदलला, तरीही. मग आमच्या धंद्यातला सगळ्यात जुना उपाय केला, दारं अदलाबदल केली. टाळाची तार पेटीच्या पोर्टात, पेटीची टाळाच्या. दोष पोर्टाचा असता तर आता पेटीच्या रेघेत गवत उगवलं असतं. पेटीची जमीन स्वच्छ राहिली. गवत टाळाबरोबर चालत गेलं.

शेवटची शंका विजेची. भिंतीतल्या विजेचा गुणगुणाट तारेत शिरतो, पण तो सेकंदाला पन्नास वेळा. मी गवताची पाती मोजली. सेकंदाला पाच.

तेव्हा मी पडद्यावरची नजर उचलून काकांच्या हाताकडे पाहिलं. दोन ठोक्यांच्या मधे हात विसाव्याला आला की अंगठा आणि बोटं थरथरत होती आणि टाळाच्या वाट्या एकमेकींना नकळत स्पर्श करत होत्या. कानाला ऐकू येणार नाही इतक्या हळू. माइक कानाहून तिखट होता.

"ताई," मी काही सुचेना म्हणून विचारलं, "डाव्या खांद्यावर काही खरखर वाटते का?"

ताईंनी पट्टी वाचली. "नाही रे," त्या म्हणाल्या, "छान आहे."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताना काका पायरीवर उभे होते. एकटे.

"तुला दिसलं," ते म्हणाले.

मी त्यांना आत बसवलं. कंपवात. आठ महिने झाले होते. चष्म्याचा नंबर काढायला जातो असं सांगून ते मिरजेला मेंदूच्या डॉक्टरांकडे जात होते.

"आठ महिन्यांत तीनदा नंबर बदलला. तिला शंका कशी येत नाही, मला कळत नाही," काका म्हणाले.

"सांगून टाका की, काका."

"तिला कळलं तर ती काय करील, सांगू? चिपळ्या देव्हाऱ्यात ठेवील आणि माझ्या उशाशी येऊन बसेल. औषधाच्या वेळा लिहील, माझी पेज गार करील. तीन वर्षं मुकी होती रे ती. घरात बोलायची, पण मुकीच होती. आता कुठं उभी राहतेय." त्यांनी उजवा हात डाव्या हातात घट्ट धरला. "तुझ्या त्या हबात काही चाळणी बसवता येते का? ठोका तेवढा जाऊ दे, बाकीचं गाळून टाक."

बसवता येत होती. ठराविक जोरापेक्षा हलका स्पर्श आला तर तो पुढे सोडायचाच नाही. चिपमधे चार ओळी लिहिल्या की झालं. मला ते योग्य वाटलं का? नाही वाटलं. पण समोर बसलेल्या माणसानं आयुष्यात माझ्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं होतं. मी चार ओळी लिहिल्या.

पुढच्या तालमीत टाळाची जमीन शेणानं सारवल्यासारखी सपाट झाली. काका खूश. तालीम संपली, चहा झाला, शंकर तबल्याला गवसणी घालून गेला. मी तारा गुंडाळत होतो. ताई शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"अजित, आज डावीकडे कोण उभं होतं?"

"काकाच की, ताई."

त्यांनी पट्टीकडे पाहिलंही नाही, माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. "बरं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, कुणीतरी दुसरंच आहे. फार नीट वाजवत होतं."

मी तार गुंडाळायची थांबवली, परत उलगडली, परत गुंडाळली. त्या आत गेल्या. तेव्हाच मी तोंड उघडायला हवं होतं.

रामनवमीला देऊळ सकाळी दहालाच भरलं. गाभाऱ्यापुढे पाळणा सजवलेला, मांडवात गुलालाची ताटं, सुंठवड्याचा वास. भाऊसाहेब आरवाडे म्हणजे उत्सवाचे अध्यक्ष, वय ऐंशीच्या पुढे, डोळ्यांनी थोडे कमी पण उत्साहानं काठोकाठ. मी एका चौरंगावर लॅपटॉप आणि हब मांडत असताना ते वाकून बघायला आले.

"हे काय रे?"

"हा साथीदारच समजा, भाऊसाहेब," मी ऐटीत म्हणालो. "सगळ्यांचं वाजवणं ताईंपर्यंत हाच पोचवतो."

"असं होय," असं म्हणून त्यांनी हबला नमस्कार केला. मला फार बरं वाटलं. ते वाक्य मला किती महागात पडणार होतं, ते तेव्हा कुठं ठाऊक.

साडेदहाला ताई उभ्या राहिल्या. नऊवारी, त्याखाली बंडी, हातात तीन वर्षांनी चिपळ्या. नमन झालं. पूर्वरंगाला त्यांनी स्वतःच रचलेलं पद घेतलं होतं:

*दार एकचि राउळाला, भक्त उभे फार*
*ज्याचा त्याला वाटे परि, मजचि उघडे दार*

"मंडळी, आज माझ्या पाठीवर सहा दारं आहेत," त्या निरूपणात म्हणाल्या. "पाच दारांत माणसं उभी आहेत. कमरेला हा शंकर. बगलेत तुम्ही सगळे. तेव्हा कुणी शेजारणीशी बोललं तर मला आधी गुदगुल्या होणार आहेत." देऊळ हसलं, आणि त्या हसण्याला ताईही बरोबर त्याच क्षणी हसल्या. ज्यांना त्यांचं बहिरेपण माहीत होतं, त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी तेव्हा डोळे पुसले. माझीही तीच गत.

सव्वाअकराला पूर्वरंग संपला. इथे रीत असते. सगळे मिळून नामाचा गजर करतात, आणि तेवढ्यात कीर्तनकाराच्या कपाळी बुक्का लावून गळ्यात हार घालतात. मग साथीदारांना बुक्का, मग तबल्याला आणि पेटीलाही. कारण वाजणारी वस्तू म्हणजे निव्वळ वस्तू नव्हे. भाऊसाहेबांनी ताईंना हार घातला. शंकरला लावला, तबल्याला लावला, सुतारबाईंना, पेटीला, काकांना, टाळांना. मी गजरात डोळे मिटून टाळ्या पिटत होतो.

डोळे उघडले तेव्हा भाऊसाहेब हबपुढे वाकले होते. हाराच्या पाण्यानं ओली झालेली बोटं बुक्क्यात बुडवून त्यांनी सहाव्या, रिकाम्या दाराच्या कपाळी भरघोस टिळा लावला, आणि वर चिमूटभर बुक्का अक्षतांसारखा सोडला.

बुक्क्यात कोळशाची भुकटी असते. कोळशातून वीज वाहते. ओल्या कोळशातून तर बघायलाच नको. हबवरचे पाचही हिरवे दिवे एका क्षणात विझले.

ताईंचा चेहरा मी बघत होतो. गजर चालू होता, सगळ्यांची तोंडं हलत होती, आणि त्यांच्यासाठी देऊळ एकदम रिकामं झालं होतं. त्यांनी आधी दोन्ही बगलांकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

मी हब उपसून झटकला, फुंकला, पुसला. आतून जळका वास आला. भाऊसाहेब भांबावून विचारत होते, "माझं काही चुकलं का रे?" मी म्हणालो, "नाही भाऊसाहेब, साथीदाराला ऊन लागलंय." दुसरं काय म्हणणार.

गजर संपत आला. बंडी ठीक होती, लॅपटॉप ठीक होता, एक पोर्ट मोकळा होता. म्हणजे एकच माइक. मी ताईंच्या मनगटाशी तोंड नेऊन सांगितलं, "हब गेला. एकच जण जोडता येईल. लॅपटॉपचा स्वतःचा माइक लावला तर परत खिचडी. कोण लावू?"

"तबला लावा की," शंकर पुढे झुकून म्हणाला. "लय सुटली तर बारा वाजता जन्म व्हायचा कसा?"

"अरे, सूर सुटला तर लय काय करायची आहे?" सुतारबाई म्हणाल्या. "पेटी लाव, अजित."

काकांनी टाळ छातीशी धरले. ते माझ्याकडे पाहत होते, आणि मला त्यांची नजर कळत होती. चाळणी हबात होती. हबाबरोबर तीही गेली होती.

"ह्यांचा टाळ लाव," ताई म्हणाल्या.

"हेमा, नको," काका पटकन म्हणाले. "नुसत्या टाळावर कसं... तबला घे तू."

ताईंनी पट्टी वाचली. देऊळ शांत झालं होतं, चारशे माणसं वाट पाहत होती, आणि त्या काकांशी घरात बोलावं तशा हळू बोलल्या. "अहो, लग्न झाल्यावर मिरजेच्या दुकानात दोन तास टाळ वाजवून बघत बसला होतात. दुकानदार वैतागला, तरी उठला नाहीत. माझ्या सुराला, पेटीच्या काळी चारला, जुळेल अशीच जोडी हवी म्हणून. लय आणि सूर दोन्ही या एका तारेत आहेत. अजित, लाव."

मी टाळाची तार थेट लॅपटॉपला लावली.

काकांनी पहिला ठोका दिला. ताईंचा डावा खांदा किंचित वर झाला. दोन ठोक्यांच्या मधे वाट्या थरथरल्या. काकांनी घाईनं दुसऱ्या हातानं मनगट दाबून धरलं. ताई वळल्या. कीर्तनात कीर्तनकार साथीदाराकडे पाठ करून श्रोत्यांकडे बघतो. पण त्या वळल्या, आणि त्यांचा चेहरा मला दिसला. स्टेशनावर गाडीतून उतरणाऱ्या माणसाला गर्दीत शोधून काढल्यावर होतो तसा.

"आलात," त्या म्हणाल्या. "दाबू नका. वाजू दे."

मग त्यांनी आख्यान उचललं.

राजा दशरथाला यज्ञातून पायसाचं पात्र मिळालं, ती कथा. पात्र एकच, राण्या तिघी. कुणाला किती द्यायचं, कुणाला आधी, कुणाला शेवटी, आणि सुमित्रेच्या वाट्याला दोघींनी आपापल्यातलं काढून कसं दिलं. मी ती कथा वीस वेळा ऐकली असेल. त्या दिवशी ताई सांगत होत्या, की दोघींनी आपल्यातलं दिलं तेव्हा कमी कुणालाच पडलं नाही, आणि त्यांचा आवाज एकदाही सुरावरून हलला नाही. बाकी सगळं त्यांच्यासाठी नाहीसं झालं होतं. शंकर त्यांच्याकडे बघून वाजवत होता, सुतारबाई त्यांच्या मागोमाग जात होत्या. त्या स्वतः मात्र डाव्या खांद्यावरच्या एका टाळावर उभ्या होत्या.

बाराला सहा मिनिटं. आता गजर वाढवत न्यायचा असतो. काकांची थरथर मनातल्या काहुरानं वाढली होती. ती थांबतच नव्हती, वाट्या सारख्या एकमेकींवर आदळत होत्या आणि आता ते माणसांच्या कानांनाही ऐकू येत होतं. काकांनी मान खाली घातली. मी पडद्यावर पाहिलं. सेकंदाला पाच, एकसारखी.

ताईंनी चिपळ्या वर उचलल्या, दोन क्षण खांद्याशी कान दिल्यासारख्या थांबल्या, आणि रामनामाचा गजर बरोबर त्याच लयीत सुरू केला. सेकंदाला पाच मात्रा. भजनी ठेका द्रुतात गेला की लय तिथेच येते. शंकरनं एक आवर्तन ऐकलं, त्याच्या ध्यानात आलं, आणि त्यानं ठेका त्या थरथरीवर आणून बसवला. सुतारबाई आल्या. मग चारशे माणसांच्या टाळ्या आल्या. काकांनी मान वर केली. त्यांचा हात आता चुकत नव्हता, कारण सगळं देऊळच त्या हाताच्या मागून चाललं होतं. माझ्या शेजारची बाई तिच्या जावेला म्हणाली, "काय जलद लग्गी लावलीय बघ टाळावर."

बाराचा ठोका पडला. पाळण्याची दोरी हलली, गुलाल उडाला. लॅपटॉपही गुलाबी झाला. मी तो पुसलाही नाही.

प्रसादाच्या पंगतीआधी ओसरीवर दोघं बसले होते. मी तारा गोळा करत जवळच होतो. जायला हवं होतं, पाय निघाला नाही.

"कधीपासून माहीत होतं?" काकांनी विचारलं.

"पहिल्या तालमीपासून. माझ्याच खांद्यावर वाजत होतं ना ते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. मग एक दिवस तुम्ही गेलातच तिथून." त्यांनी माझ्याकडे न बघता आवाज थोडा चढवला. "कुणीतरी तुम्हाला पुसून टाकलं."

"मीच सांगितलं होतं त्याला," काका म्हणाले. "मला वाटलं, कळलं की तू चिपळ्या ठेवशील."

ताईंनी पट्टी वाचायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. "ठेवल्या असत्या," त्या म्हणाल्या. "काल विचारलं असतंत तर ठेवल्याच असत्या. आता नाही." आणि वर, "चष्म्याचा नंबर काढायला यापुढे मीही येणार."

चैत्र संपता संपता दोघं दुकानात आले. मी नवा हब करून ठेवला होता. सहाही दारांना रबराची झाकणं होती, कारण भाऊसाहेबांना देवानं उदंड आयुष्य द्यावं, आणि ते पुढच्या वर्षीही बुक्का लावणारच होते. चाळणीच्या चार ओळी मी त्यात लिहिल्या नव्हत्या. मी कान धरले, तेव्हा ताई एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वेळी माझ्या घरातलं माणूस गाळायचं असेल तर मला विचारून गाळ."

"डॉक्टर म्हणतात, वर्ष दोन वर्षांत टाळ धरवणार नाहीत," काका म्हणाले. त्यांनी ते मलाच सांगितलं, पण ताईंच्या मनगटासमोर तोंड धरून.

ताईंनी हबवरच्या सहाव्या दाराचं झाकण नखानं उघडलं. "मग हे एक जास्तीचं कशाला केलंय यानं?"

माझ्याकडे चपटी, रुपयाएवढी कंप टिपणारी चकती होती. मी ती काउंटरवर ठेवून तिची तार त्या दारात लावली, हबची आणि ताईंच्या अंगातल्या बंडीची तार लॅपटॉपला लावली. काकांनी थोडं संकोचून तळहात चकतीवर ठेवला. टाळ नव्हते, आवाज नव्हता. रस्त्यावरून एक रिक्षा गेली. ताईंनी डोळे मिटले आणि अगदी हळू, ओठांतल्या ओठांत, काळी चारचा षड्ज लावला.

मी पडद्याकडे पाहिलं नाही. गरज नव्हती. काकांचा हात काउंटरवर होता, आणि ताईंच्या डाव्या खांद्यावरचा पदर सेकंदाला पाच वेळा, अगदी बारीक हलत होता.